सुरतेला उतरू नका

शिक्षणासाठी बाहेरगावी निघालेल्या मुलांना उपदेश करायला गागोदे बुद्रुक हे महाराष्ट्रातलं सगळ्यात अडचणीचं गाव असावं. इतर गावांचं बरं असतं. तिथले थोर पुरुष रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करून गेलेले असतात, पहिले आलेले असतात, शिष्यवृत्त्या मिळवून बसलेले असतात. त्यांचं नुसतं नाव घेतलं तरी पोरं माना खाली घालतात. आमच्या गागोद्यात 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहर भावे जन्मले. ('आमच्या' म्हणायचा माझा हक्क सासुरवाडीचा आहे, पण तो मी जन्महक्काइतकाच बजावून घेतो.) पुढे ते विनोबा झाले, गांधीजींनी त्यांना पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं, त्यांनी 'गीताई' लिहिली, भूदान मागत देशभर पायी फिरले, भारतरत्न झाले. हे सगळं भारदस्त आवाजात सांगून होतं न होतं तोच मागच्या सतरंजीवरून एक हात वर येतो.

"काका, पण ते इंटरच्या परीक्षेला गेलेच नव्हते ना?"

नव्हते गेले. 25 मार्च 1916 रोजी हे वीस वर्षांचे चिरंजीव बडोद्याहून मुंबईला इंटरची परीक्षा द्यायला म्हणून निघाले आणि सुरतेला उतरले. तिथून भुसावळच्या रस्त्याने थेट काशी. बरोबर दोन मित्र. त्याआधी मॅट्रिकची वगैरे सर्टिफिकिटं गुंडाळी करून आईच्या चुलीत घालून झालेली. आता दर सप्टेंबरात जयंतीला याच प्रसंगावर आपण मुलांकडून भाषणं बसवून घ्यायची, हातवारे शिकवायचे, उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून कंपासपेटी द्यायची, आणि बारावीचा निकाल लागला की त्याच मुलाला सांगायचं, "बाळा, कागदपत्रं जिवापाड जप आणि परीक्षा काही झालं तरी बुडवू नको." मुलगा बघत राहतो. त्याचं चुकत नाही.

मला या भानगडीत ओढण्याचं कारण माझी नोकरी. एका कॉलेजच्या ऑफिसात, प्रवेशाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझं आयुष्य गेलं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर सासुरवाडीत माझ्याबद्दल असा समज आहे की मुंबई विद्यापीठ माझ्याशी बोलल्याशिवाय निर्णय घेत नाही. निकाल लागला की मेव्हण्याचा फोन येतो, "भाऊजी, रविवारी या. पोरं जमवलीत. जरा मार्गदर्शन करा." जावयाला नाही म्हणता येत नाही. शिवाय त्या दिवसांत फणस पिकलेले असतात.

विनोबांचं हे उदाहरण उपदेशाच्या मुळावरच येतं हे लक्षात आल्यावर गावातल्या वडीलधाऱ्यांनी तोड काढली. थोर पुरुष त्यांनी शेजारच्या तालुक्यातून उसना आणला. रोह्याच्या देशमुखांचे चिंतामणराव. जन्म 14 जानेवारी 1896 चा, महाडजवळच्या नाते गावचा, म्हणजे आमच्या विनायकापेक्षा चारच महिन्यांनी धाकटे. आणि कारकीर्द कशी, तर आईबापांनी फ्रेम करून लावावी अशी. 1912 च्या मॅट्रिकला अख्ख्या मुंबई विद्यापीठात पहिले. मग केंब्रिज. 1918 च्या आयसीएसला पहिले. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. एकाच जिल्ह्यातली, एकाच शाळकरी वयाची ही दोन पोरं. एकाची सही नोटांवर आली आणि दुसऱ्यानं पवनारला बसून कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. रायगड जिल्ह्यानं दोन्ही टोकं एकाच हंगामात काढून ठेवली आहेत.

तर सासऱ्यांच्या पिढीतल्या एका आजोबांनी चिंतामणरावांचं हे चरित्र खड्या आवाजात सांगितलं आणि विचारलं, "आता बोला! आहे का कुणाची छाती?" शांतता पसरली. कॉमर्सला जाणाऱ्या एका मुलीनं मोबाइलवरून नजर न उचलता म्हटलं, "पण आजोबा, त्यांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं ना?"

म्हणजे रोह्याचेसुद्धा शेवटी मधल्याच स्टेशनात उतरले. आजोबांनी पानाचा डबा उघडला आणि सभेची सूत्रं माझ्याकडे आली.

मी थोर पुरुषांना बाजूला ठेवतो आणि कागदांपासून सुरुवात करतो, कारण त्यात मला गती आहे. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, रेशनकार्ड, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, पासबुक, मधे वर्ष मोकळं गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. शिवाय मी रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र, आणि हे मुलानं एकट्यानं नव्हे, पालकानंही द्यायचं असतं. ज्यांच्या नावापुढे पालक म्हणून लिहायचं होतं ते एक आजोबा यावर खरोखर दुखावले. "मी कुणाचं रॅगिंग करणार? माझेच गुडघे दोघांनी धरून उठवावे लागतात." मी त्यांना समजावलं की हमी नातवाची द्यायची आहे. ते म्हणाले, मग तर सही करणं आणखी अवघड.

या कागदांत सगळ्यात मोठा शत्रू नावाचं स्पेलिंग. आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरं, बापाच्या पासबुकात तिसरं. तीन ठिकाणी तीन माणसं राहत असल्यासारखी ती वागतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख पटवण्यात जून संपतो. म्हणून माझं सांगणं साधं असतं: निकालाची वाट बघू नका, दाखले मार्च-एप्रिलातच काढा. निकालानंतर सेतूमध्ये सगळा तालुका असतो आणि सर्व्हर जेवायला गेलेला असतो. मूळ दाखला मागितल्याशिवाय देऊ नका, दिलात तर पोच घ्या. मुलींनी हे नीट ऐका: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, पण ती प्रवेश कॅप राऊंडमधून घेतला तर. ओळखीच्या माणसानं 'मी मॅनेजमेंटमधून करून देतो' म्हटलं की त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

हे सांगत असताना एक आई म्हणाल्या, "पण विनोबांनी जाळली ना सर्टिफिकिटं?" म्हणजे पोरांपुरतं हे राहिलेलं नाही. मग मी त्यांना त्या चुलीपुढचा पुढचा भाग सांगितला. विनायक कागद जाळतोय हे बघून आईनं विचारलं काय जाळतोस. तो म्हणाला सर्टिफिकिटं, मला त्यांचा उपयोग नाही. त्यावर रखुमाईंनी जे विचारलं त्याचा अर्थ असा की, आत्ता नसेल उपयोग, पण असू दिली तर बिघडलं कुठे? बघा, एवढ्या वैराग्यशील मुलाची आई, पण कागदांच्या बाबतीत तुमच्याआमच्यासारखीच. घरात एखादी तरी माऊली असं म्हणणारी असते म्हणून महाराष्ट्रातल्या पेट्यांच्या तळाशी अजून दाखले सापडतात. आणि आज विनोबांना ते जमलंही नसतं. डिजिलॉकर कुठल्या चुलीत घालणार?

कागदांच्या या प्रकरणात माझं हसू एके ठिकाणी थांबतं. वाडीवरच्या कातकरी मुलीला जात वैधतेसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा विचारतात. तिच्या पणज्याच्या नावावर जमीन नव्हती, तो शाळेत गेला नाही, वर्षातले सहा-आठ महिने कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर असायचा. त्यानं 1950 साली कुठला कागद सांभाळून ठेवायचा होता? ज्या गावच्या माणसानं भूमिहीनांसाठी पोचमपल्लीपासून देश पालथा घातला, त्या गावाच्या आजूबाजूला हा प्रश्न अजून दर जूनमध्ये विचारला जातो. खिडकीच्या आत असताना मीही तो विचारत होतो, कारण नियम होता. बाहेर आल्यावर मात्र एक गोष्ट सांगतो: अशा मुलीबरोबर तहसीलला, तपासणी समितीकडे जायला गावातला एक लिहितावाचता माणूस मोकळा ठेवा. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 'स्वयम्' योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यावर येतात, हेही तिला कुणीतरी सांगायला लागतं. ती स्वतःहून विचारणार नाही.

हे न विचारणं, हाच माझ्या मते आमच्या मुलांचा खरा नापासाचा विषय.

खिडकीच्या आतून मी काय पाहिलं ते सांगतो. शहरातला मुलगा येतो, कोपर टेकवतो, "काका, हे काय लिहायचं?" म्हणून फॉर्म आत सरकवतो. आमच्या बाजूचा मुलगा रांगेत पहिला आलेला असला तरी हळूहळू शेवटचा होतो. प्रत्येकाला वाट देतो. भिंतीवरचं वेळापत्रक वाचतो, मग शुद्धिपत्रक वाचतो, मग 2016 सालची गॅदरिंगची नोटीस वाचतो. एक वाजता खिडकी बंद होते तेव्हा तो तिथेच असतो. "काय पाहिजे रे?" विचारलं तर म्हणतो, "काही नाही." चाळीस रुपये एसटीला घालून, सकाळी न जेवता निघून, काही नाही!

म्हणून मी गागोद्यात खिडकीचा सराव सुरू केला. मेव्हण्याच्या घराला ओटीवर उघडणारी गजांची खिडकी आहे. आत मी. माझ्यासमोर जुनी फाईल, एक पंखा आणि चहाचा कप, म्हणजे वातावरण अस्सल. बाहेर मुलं एकेक करून येणार आणि बोनाफाईड सर्टिफिकेट मागणार. मी द्यायचं नाही, एवढाच नियम. या भूमिकेची मला तयारी करावी लागली नाही असं आमच्या घरच्यांचं मत आहे.

पहिला आला तो फिजिक्समध्ये गावात सगळ्यात वर. मी मान वर केली नाही. तो उभा राहिला. मी फाईलचं पान उलटलं. तो उभा. मी चहा प्यायलो. शेवटी तो म्हणाला, "नंतर येऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता नंतरसाठी निघूनही गेला. दुसऱ्याचं ऑफिसवाल्यांशी कसं बोलायचं याचं ज्ञान सिनेमातलं होतं. त्यानं एकदम "हा आमचा हक्क आहे!" असा आवाज चढवला, तेव्हा गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मी त्याला शांतपणे सांगितलं की हक्क तुझाच आहे, पण अर्जावर तू तारीख घातलेली नाहीस. हक्क तिथेच बसला.

मग ती वाडीवरची मुलगी आली. मी म्हटलं, "साहेब जेवायला गेलेत."

"किती वाजता येतील?"

"सांगता येत नाही. उद्या या."

"उद्या तुम्हीच असाल का? नाव लिहून घेऊ का तुमचं?"

एवढं बोलून ती खिडकीखाली ओटीवर बसली. उठेना. मी आत, ती बाहेर. आतून सासूबाई आल्या, थोडा वेळ हे बघितलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, द्या की तिला काय हवंय ते. इतक्या लांबून आलीय पोर." ती राहायला पाच मिनिटांवर होती, पण सासूबाईंना नाटकाचा परिणाम झाला होता. मी बोनाफाईड लिहून दिलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात पात्र माणसाला दिलेलं प्रमाणपत्र असेल, आणि त्याच्यावर शिक्का नव्हता.

स्वयंपाकाची परीक्षा त्याच संध्याकाळी. भाताच्या खाचरांत वाढलेली ही मुलं. लावणी करून, गुडघाभर चिखलातून बाहेर आलेली. पण तांदळाला पाणी किती, हा प्रश्न टाकल्यावर सभेत असा संभ्रम पसरला की जणू मी अवकलन विचारलं. "बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत," एकजण म्हणाला. कुणाच्या बोटाच्या, यावर वाद झाला. मुलींना येतं असं सगळे धरून चालले होते, पण त्यातल्या दोघींनी सांगितलं की अभ्यास आहे म्हणून आईनं बारावीचं वर्ष चुलीकडे फिरकू दिलं नव्हतं. मला आनंद झाला, मग लगेच काळजी वाटली. शेवटी तयार झालेला भात तिथल्या तिथे कोंबड्यांना दाखवण्यात आला. कोंबड्यांनी आढेवेढे घेतले.

बांधाबांध हा विषय मात्र माझ्या हातात नसतो. तो आयांचा. पेणचे पोह्यांचे पापड, कडवे वाल, तांदळाचं पीठ, लोणचं, मेतकूट आणि बॅगेच्या तळाशी, चार प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, वर्तमानपत्रात, मग पुन्हा पिशवीत, सुकट. मी विरोध करून पाहिला. हॉस्टेलच्या खोलीत चौघं असतात, खिडकी एक असते. "कुणाला कळणार नाही," असं उत्तर मिळालं. पुण्याला गेलेल्या माझ्या भाच्याच्या हॉस्टेलात पहिल्याच आठवड्यात मजल्यावर सगळ्यांना कळलं. भाच्याच्या खोलीतला विदर्भातला मुलगा कपडे घेऊन बाहेर व्हरांड्यात झोपला. प्रकरण रेक्टरपर्यंत जाणार होतं, पण त्या मुलाच्या पेटीत त्याच्या आईनं दिलेल्या सांडगी मिरच्या निघाल्या. रात्री दोन्ही वस्तू एकाच तव्यावर आल्या, मजल्यावरचे सगळे खोकत जमले, आणि भाच्याला पुढची तीन वर्षं पुरतील एवढे मित्र त्या खोकल्यात मिळाले. मी सुकटीबद्दलचं माझं मार्गदर्शन मागे घेतलं आहे.

गागोद्यात बांधाबांधीची एक जुनी गोष्ट आहे. विनोबांचे वडील नोकरीला बडोद्याला. दिवाळीला घरी यायचे. आईनं सांगून ठेवलेलं, बाबा खाऊ आणतील. विन्या धावत गेला, वडिलांनी हातात पुडकं ठेवलं. चौकोनी. पेढे गोल असतात, तेव्हा ही बर्फी असणार, असा हिशेब करत त्यानं सोडलं तर आत पुस्तकं. बालरामायण आणि बालभारत. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. याच्याहून चांगला खाऊ नाही असं तिला वाटलं. ही गोष्ट मी सांगितली आणि आयांना सुचवलं की पिशवीत एखादं पुस्तक टाका. पुढच्या खेपेला एकीनं खरंच टाकलं. वालाच्या डब्याखाली, डबा हलू नये म्हणून.

मुलं गेली की पहिले दोन महिने फोनचे. आई विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "हो." हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं आहे. खरी परिस्थिती अशी असते की गावात पहिला आलेला मुलगा एकशेवीसच्या वर्गात जाऊन बसतो आणि त्याला कळतं की इथे सगळेच आपापल्या गावात पहिले आलेले आहेत. लेक्चर इंग्रजीत, विनोदसुद्धा इंग्रजीत. सगळे हसले की हा अर्ध्या सेकंदानं हसतो. नव्या शैक्षणिक धोरणाचे मेजर, मायनर, क्रेडिट आणि कुठला विषय कुठल्या टोपलीतून उचलायचा, हे कळेपर्यंत पहिली सेमिस्टर संपत येते. ऑनर्सची पदवी चार वर्षांची झाली हे ऐकून गावातले एक आजोबा म्हणाले होते, "आमच्या वेळी तीनची होती. म्हणजे आता एक वर्ष नापास व्हायचं सरकारनंच धरलेलं दिसतंय." त्यांच्या म्हणण्यात धीर होता. मी मुलांना तोच धीर देतो: पंचाहत्तर टक्के हजेरी सांभाळा, कारण डिफॉल्टर लिस्टमधून नाव काढायला येणारे पालक मी पाहिलेत आणि त्यांचे चेहरे विसरलेलो नाही. पण एखादी एटीकेटी लागली तर आकाश कोसळत नाही. ती सुटते. कुणी त्रास दिला तर गप्प बसू नका. रॅगिंगविरोधी मदतीचा क्रमांक 1800-180-5522 आहे, चोवीस तास चालू असतो, आणि फोन करणं म्हणजे चुगली नव्हे.

एकजण दुसऱ्याच शनिवारी दिवा–रोहा गाडीनं पेणला उतरून घरी आला, गादीसकट. गादी बघून गावाला कळलं की हा सुट्टीसाठी आलेला नाही. घरात शोककळा. मेव्हणा मला म्हणाला, "भाऊजी, बोला काहीतरी." मी मुलाला घेऊन विनोबांच्या जन्मघराकडे चालत गेलो. तो आधीच म्हणाला, "काका, सुरतेचं सांगू नका." मी सांगणारच नव्हतो. मी काशीचं सांगितलं, जे जयंतीच्या भाषणात कधी येत नाही.

सुरतेला उतरलेला तो मुलगा काशीत पोचल्यावर काय करत होता? हॉस्टेलवरची पोरं करतात तेच. दुपारी अन्नछत्रात जेवायचा. तिथे दोन पैसे दक्षिणा मिळायची. संध्याकाळी एका पैशाचं दही आणि एका पैशाची रताळी, झालं रात्रीचं जेवण. बजेट जमलं. मग खोलीला कुलूप हवं. दुकानदारानं दहा आणे सांगितले. विनायकाला माहीत होतं की कुलूप दोन आण्यांचं आहे. त्यानं तसं तोंडावर सांगितलं, आणि तरी तुम्ही मागता म्हणून देतो असं म्हणून दहा आणे मोजले. भांडला नाही, गप्पही बसला नाही. रोज त्याच रस्त्यानं जायचा. काही दिवसांनी दुकानदारानंच हाक मारली, जास्त घेतले होते म्हणाला आणि पैसे परत केले. (आजच्या पुण्यातल्या रूमच्या डिपॉझिटवर हा उपाय करून बघू नये. कागद लिहून घ्यावा.) बरोबर आलेल्या मित्रांपैकी एक तिथेच वारला. परक्या गावात, विशीत, मित्र गेला. ते सगळं सोसून जूनच्या 7 तारखेला तो अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात गांधीजींसमोर उभा राहिला. मार्च ते जून. म्हणजे एक सेमिस्टरसुद्धा पुरती नाही.

मुलगा म्हणाला, "दही-रताळी रोज?"

मी म्हटलं, मेस आहे ना तुमची?

"मेस आहे, पण भाजी रोज बटाट्याची."

गादी सोमवारी परत गेली. विनोबांमुळे गेली असं मी म्हणणार नाही. रविवारी त्याचा खोलीतला जोडीदार फोनवर म्हणाला की तुझी सुकट संपत आलीय, येताना घेऊन ये. पण मला त्या काशीच्या गोष्टीतलं एक कलम मुलांना दरवर्षी वाचून दाखवावंसं वाटतं. सुरतेला उतरण्यापूर्वी काय ठरलं असेल ते असो, विनायकानं वडिलांना पत्र टाकलं होतं: मी परीक्षेला न जाता दुसरीकडे जातोय, वाईट काही करणार नाही याची खात्री बाळगा, अशा मतलबाचं. बारा वर्षं भाषणं करणाऱ्या आमच्या मुलांना सुरत पाठ असते, पत्र आठवत नाही. कोर्स झेपत नाही, शाखा चुकली, पैसे संपले, झोप येत नाही, काहीही असो. आधी घरी कळवा, मग कुठे उतरायचं ते ठरवू. गरज पडली तर तुमच्या बाजूनं मी बोलेन. निवृत्त असलो तरी खिडक्यांची भाषा मला अजून येते.

आणि वाचकांना एक विनंती. तुम्ही पुण्यात, पनवेलला, ठाण्याला, मुंबईत असाल आणि तुमच्या सोसायटीजवळ एखादं कॉलेज किंवा वसतिगृह असेल, तर जुलैच्या पहिल्या पावसात तिथे आमच्याकडचं एखादं पोर नक्की आलेलं असतं. ते स्वतःहून बेल वाजवणार नाही. एका रविवारी त्याला जेवायला बोलवा. बटाट्याची भाजी सोडून काहीही करा.